मधल्या जागा

माझं काम काय, हे लोकांना समजावून सांगणं अवघड असतं. कुणी विचारलंच तर मी म्हणतो, "गाण्यातले आवाज वरखाली करतो." समोरचा म्हणतो, "म्हणजे रेडिओचं बटण?" मी हो म्हणून विषय संपवतो. इथे मात्र जरा नीट सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते त्या वरखाली करण्यातूनच घडलं.

गाणारं माणूस कधी जोरात गातं, कधी अगदी हळू. जोरातला सूर कानावर आदळतो आणि हळू म्हटलेला शब्द वाद्यांखाली बुडतो. मग आम्ही कॉम्प्रेसर लावतो. तो मोठ्या आवाजाला दाबतो, आणि त्यानंतर सगळाच आवाज सारखा वर उचलता येतो. ग्रुप फोटोत उंच माणसांना खाली बसवून कॅमेरा जवळ नेतात, तसंच हे. मेख एवढीच की कॅमेरा जवळ नेला की ज्यांना फोटोत बोलावलेलंच नसतं तेही त्यात येतात. दोन ओळींच्या मधल्या जागेत गायिकेचा श्वास वर येतो, कागदाची सळसळ येते, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातलं ड्रिल येतं. गवयी 'जागा' म्हणतात त्या वेगळ्या. त्यांच्या जागांना दाद मिळते. माझ्या जागा रिकाम्या असाव्या लागतात. तीस वर्षं मी त्या झाडतो आहे.

या वेळची गायिका माझी बायको होती.

तिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दहा दिवसांनंतरची तारीख दिली. "आवाज राहील?" तिने विचारलं. डॉक्टर सरळ माणूस, खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "गाठ जाईल, एवढं नक्की," ते म्हणाले. घरी आल्यावर तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "अहो, माईक लावा."

नऊ दिवसांत तिने स्वतः बांधलेली आठ गाणी आम्ही रेकॉर्ड केली. आमच्या घरातली मागची खोली हाच माझा स्टुडिओ. तिच्याच कोपऱ्यात अडगळीची खोली होती, तिला आतून जुनी ब्लँकेटं ठोकून माईकची खोली केली आहे. आठवं गाणं संपलं तेव्हा ती तिथून बाहेर आली आणि तशीच जिना उतरून गेली. मी तिच्यामागे धावलो. फाटकाबाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे राहिलो, आणि मग चहा करायला वर आलो.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. तोंडातून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी बजावलं की बोलायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, कारण कुजबुजताना घशावर उलट जास्त ताण पडतो. "सहा महिन्यांत आला तर आला," ते म्हणाले. त्या 'तर'वर आम्ही दिवस काढत होतो.

तिने लेकीची लहानपणीची पाटी शोधून काढली आणि सगळं तीवर लिहायला लागली. लेक दुसऱ्या गावी असते. तिचा रोज सकाळी अकराला फोन यायचा. ती बोलायची आणि ही फोनवर नखाने टिचक्या मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे 'ठेव आता, तुझ्या बाबांना भूक लागली.' पण एरवी ही पेशंट म्हणून अगदी नालायक होती. घाई असली की कुजबुजायचीच. दिवसाला पाच-सात वाक्यं. प्रत्येक वाक्याला मी रागवायचो, त्यामुळे ती वाक्यं मला पाठ असायची.

पाच महिने मी त्या गाण्यांना हात लावला नाही. तिचा आवाज स्पीकरमधून यावा आणि ती बाजूच्या खोलीत मुकी बसलेली असावी, हे मला सोसणारं नव्हतं. शेवटी एका सकाळी तिने पाटी माझ्या नाकासमोर धरली. 'गाण्यांचं लोणचं घालायचंय का?'

मी कामाला बसलो. मी सकाळीच काम करतो, कान ताजे असतात तेव्हा. पहिलं गाणं दोन दिवसांत झालं. दुसऱ्या गाण्यात तिचा आवाज फार वरखाली होता, म्हणून कॉम्प्रेसर जरा कडक लावला आणि मधल्या जागा झाडायला हेडफोन घातले. ध्रुवपद संपलं. तिने नाकाने लांब श्वास घेतला, मला तो झोपेतही ओळखता येईल. आणि त्या श्वासाच्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "चष्मा फ्रीजवर आहे."

माझा हात नाकाकडे गेला. चष्मा जागेवर होता. पण त्याच सकाळी मी तो अर्धा तास शोधला होता, आणि तिने स्वयंपाकघराच्या दारातून नेमकं हेच वाक्य, याच सुरात, मला ऐकवलं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. भुतं बहुतेक वेळा सैल वायरीत राहतात. चष्मा मी रोजच हरवतो, तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळीही ती असं म्हणाली असेल, ही पहिली शक्यता. पण ऐन त्या दोन सेकंदांत तिचा श्वास आत चाललेला ऐकू येत होता. श्वास ओढता ओढता माणूस सरळ वाक्य बोलत नाही. त्याला दोन घसे लागतात. तिला दोन घसे असते तर आमच्यावर ही वेळच आली नसती. मग मी माईक तपासला. तो पेटीत होता, वायर गुंडाळून कपाटात होती. कपाटातच रेकॉर्डिंगची दुसरी प्रत असलेली डिस्क होती, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून कुणी हात न लावलेली. ती जोडली आणि तीच जागा वर उचलली.

"चष्मा फ्रीजवर आहे."

दुसऱ्या दिवशी तिसरं गाणं घेतलं. पहिल्या कडव्याआधी, वाद्यांच्या पार तळाशी: "फरशी ओली आहे, जपून." हे ती मला तासाभरापूर्वी म्हणाली होती. मी हेडफोन काढून ठेवले आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली दवाखान्यात कुणाचा तरी दात कोरला जात होता. तो आवाज मला पहिल्यांदाच बरा वाटला.

स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना, म्हणून चौथं गाणं मास्तरला पाठवलं. मिक्स झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या कामाला मास्टरिंग म्हणतात, म्हणून तो मास्तर. बाकी त्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. दुपारी बाराला त्याचा फोन आला.

"काय रे, वहिनींनी आता गाण्यात पण सूचना द्यायला सुरुवात केली का?"

"का? काय ऐकलंस?"

"दुसऱ्या कडव्याआधी. 'खिडकी लावा, वारा सुटलाय.' झाड जरा नीट. म्हातारा झालास."

मीही ते वाक्य ऐकलं होतं. पण तिने असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी अजिबात हलत नव्हत्या.

चार वाजता आभाळ भरून आलं. चादरी उडायला लागल्या. ती हात पुसत माझ्या दाराशी आली आणि कुजबुजली, "खिडकी लावा, वारा सुटलाय."

मी उठून खिडकी लावली. लावलेली कडी काढून पुन्हा लावली. तिने भुवया उंचावून 'काय झालं?' असं विचारलं आणि मी काही नाही म्हणून मान हलवली. रेकॉर्डिंग पाच महिन्यांपूर्वीचं होतं आणि वारा आजचा.

मी तिला सांगितलं नाही. भ्यायलो होतो हे खरं, पण भुताला नाही. त्या कुजबुजी पुढे पुढे चालल्या होत्या. सकाळचं, तासाभरापूर्वीचं, मग थोडं पुढचं. म्हणजे कुठेतरी, एखाद्या मधल्या जागेत, तिच्या आवाजाचा निकाल लागलेला असणार. तो येणार की नाही, हे माझ्या डिस्कवर होतं. निकाल वाईट असला तर तो मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

पाचवं, सहावं, सातवं. सगळीकडे कुजबुजच होती. साबण संपलाय. कुणीतरी बेल वाजवतंय. उशी उन्हात टाका. एकेक वाक्य दोन दिवसांनी, पाच दिवसांनी, आठवड्याने घरात खरं होत गेलं. सहावा महिना लागला. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाले, "हालचाल दिसतेय. पण मी शब्द देणार नाही." ती पाटीवर लिहून मोकळी झाली: 'शब्द मलाही देता येत नाहीत.' डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

मग मी आठवं गाणं उघडलं आणि कपाळावर हात मारला.

नवशिक्यांना मी पहिला धडा देतो तो असा: आधी स्टॉप दाबा, मग टाळ्या वाजवा. त्या दिवशी तिच्यामागे धावताना मीच स्टॉप दाबायला विसरलो होतो. गाणं पाच मिनिटांचं आणि ट्रॅक सोळा मिनिटांचा. आम्ही फाटकाबाहेर उभे होतो तेव्हा वर रिकाम्या खोलीत माईक चालूच राहिला होता. शेवटची अकरा मिनिटं म्हणजे नुसती एक लांबलचक मधली जागा.

मी कॉम्प्रेसर लावला, आवाज उचलला आणि ऐकत बसलो. खोलीची गाज, म्हणजे रिकाम्या खोलीचा तो बारीक घुमणारा आवाज. मग कुजबुज, मधूनमधून. सातव्या मिनिटाच्या सुमाराला खूप लांब शांतता. कॉम्प्रेसरला एक काटा असतो. आवाज पुरेसा मोठा झाला तरच तो हलतो. कुजबुजीने तो कधी हलत नाही.

काटा हलला.

"अहो."

कुजबुज नव्हे. आवाज. जरा खरखरीत, कडेला फाटलेला, पण तिचाच. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. या शब्दाला जगात धनी मी एकटाच.

"अहो, ऐकलंत का?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"अहो!"

काहीतरी धाडकन पडलं. कुणीतरी धावत गेलं. त्यानंतर नुसती गाज. चार मिनिटं बाकी होती. मी हेडफोन काढले.

पहिल्यांदा मी रडलो. आवाज येणार होता! सहा महिने छातीवर बसलेलं ओझं उतरलं. आणि मग दुसरं वजन हळूच येऊन बसलं. तिने तीनदा हाक मारली आणि मी ओ दिली नाही. एकतीस वर्षांत असं झालेलं नाही. भांडणातसुद्धा मी ओ देतो, मग भांडतो. मग मी होतो कुठे? पडलं ते काय? की कोण?

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप रक्तदाब तपासून आलो. छातीचा आलेख काढून घेतला. वहीत सगळे पासवर्ड लिहून ठेवले आणि वही तिच्या कपाटात, साड्यांखाली सरकवली. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, चालत जा जरा. माझा जीव काही भांड्यात पडला नाही. एकदा वाटलं, तो अकरा मिनिटांचा तुकडा कापून फेकून द्यावा. माझ्या हाताखालून असे हजारो तुकडे गेले आहेत. पण त्यात तिचा आवाज होता. तो कापला आणि आलाच नाही तर? मी माऊसवरून हात काढला. काय व्हायचं ते होऊ दे, आवाज येऊ दे, असं मी स्वतःशी म्हणालो आणि ते मनापासून होतं.

एवढंच केलं की ओ द्यायची तालीम ठेवली. ती नुसती दारात आली तरी मी "ओ!" म्हणायचो. दोन दिवसांनी पाटी आली. 'आजकाल फार आज्ञाधारक झालात. काय लपवताय?'

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी, मी मागच्या खोलीत चौथ्या गाण्याची वाद्यं मागेपुढे करत होतो. अकराला फोन वाजला. पुढच्या खोलीतून लेकीचं अस्पष्ट बोलणं आणि टिचक्या ऐकू येत होत्या. एक. एक. दोन. खाली ड्रिल चालू होतं.

मग टिचक्या थांबल्या.

ड्रिलही थांबलं.

"अहो."

मी ओ द्यायला तोंड उघडलं.

आवाज फुटेना.

"अहो, ऐकलंत का?"

मला ऐकू येत होतं. उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं. पण घसा असा दाटून आला होता की त्यातून हवासुद्धा बाहेर पडत नव्हती.

"अहो!"

मी उठलो. माझी खुर्ची धाडकन मागे पडली. मी धावलो. ती धावणारी पावलं माझी होती.

पुढच्या खोलीत ती फोन छातीशी धरून उभी होती. फोनमधून लेकीचं हमसून रडणं ऐकू येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या फाटक्या, खरखरीत, देवाघरच्या आवाजात म्हणाली, "ओ द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी मान हलवली. मग दोघंही हसत सुटलो. तिकडे लेक ओरडत होती, "काय झालं, कुणीतरी सांगा ना!" आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या आईने तिला स्वतःच्या आवाजात सांगितलं.

दुपारी मी तिला सगळं सांगितलं. आठव्या गाण्याचा तो तुकडा ऐकवला. तिच्या हाका ऐकताना तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. खुर्ची पडल्याचा आवाज झाल्यावर तिने हेडफोन काढले.

"तेव्हा आपण दोघंही फाटकाबाहेर होतो," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"मला माहीत नाही."

तिने हेडफोन खुंटीला अडकवले. मग म्हणाली, "पुढची चार मिनिटं?"

"अजून ऐकली नाहीत."

"ती तुम्ही ऐका. मला नको. सगळंच आधी कळलं तर मी बोलू काय?" आणि ती घसा भाजेल इतका गरम चहा करायला निघून गेली. मी मागून ओरडलो, डॉक्टरांनी गरम नको सांगितलंय. ती आतून मोठ्याने म्हणाली, "ऐकू येत नाही!"

आता तिचा आवाज बराच भरला आहे. वरचे सूर गेले ते गेले, पण खालचे पूर्वीपेक्षा गोड झालेत असं मास्तर म्हणतो, आणि मास्तर कुणाला सहजासहजी गोड म्हणत नाही. नववं गाणं ती सध्या बांधते आहे. आठही गाणी मिक्स होऊन गेली. मधल्या जागा मी या वेळी झाडल्या नाहीत, फक्त जिथल्या तिथे, जेवढ्या खाली होत्या तेवढ्याच खाली ठेवल्या. कुणाला ऐकू येणार नाहीत.

काल सकाळी ती फिरायला गेली असताना मी ती चार मिनिटं लावली.

बराच वेळ नुसती गाज होती. मग तिचं गुणगुणणं, खालच्या सुरात. नवव्या गाण्याची चाल असावी, पण पुरी झालेली. मग ते थांबलं आणि अगदी माईकजवळ, कुणीतरी चवड्यांवर उभं राहावं तसं, एक लहानसा आवाज आला.

"आबा."

आमच्या घरात मला आबा म्हणणारं कुणी नाही. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूल नाही; त्या विषयावर आम्ही कुणीच बोलत नाही.

"आबा, ऐकू येतंय का?"

पुढे शांतता. कुणी उत्तर दिलं नाही. ट्रॅक संपला.

मी रिकाम्या खोलीत बसलो होतो. माईक पेटीत होता, पेटी कपाटात होती. एकदा गप्प राहिल्याची चुटपुट मला पुरली होती. मी हेडफोन कानांवर तसेच ठेवले आणि मोठ्याने म्हणालो, "ओ!"

मग डोळे पुसले आणि तीच जागा पुन्हा लावली.

"आबा, ऐकू येतंय का?"

काटा हलला. माझा "ओ" तिथे होता. आणि त्याच्यामागून कुणीतरी खुदकन हसलं.